पहिलं जॅझ गाणं कसं बसवायचं: ऐकण्यापासून बँडसोबत गाण्यापर्यंत, क्रमाने

जॅझ गायला सुरुवात करणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. एखादं रेकॉर्डिंग मनात भरतं आणि त्या गायिकेची प्रत्येक हरकत, प्रत्येक थांबा, तिने मागे ओढलेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा पाठ होतो. रेकॉर्डिंगबरोबर गाताना सगळं जुळतं. पण समोर खरा पियानो आला आणि त्याने सुरुवात थोडी वेगळी वाजवली, की गाणं कुठून उचलायचं तेच कळत नाही. पाठ झालेली असते ती एका विशिष्ट दिवशीची गायकी. तिच्याखालची मूळ चाल, बारची (चार मात्रांच्या गटाची) मोजणी आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) यांच्याशी ओळखच झालेली नसते.

म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. विशेषतः पाचवा आणि सहावा टप्पा ओलांडून थेट स्कॅटकडे, म्हणजे अर्थहीन अक्षरांवर जागच्या जागी रचत गाण्याकडे, जाऊ नका. ज्यांचं स्कॅट कोसळतं त्यांच्यात सुरांची अडचण कमी असते, मोजणी हरवलेले जास्त असतात.

सुरुवातीची तयारी

जवळ एवढं हवं: कीबोर्ड किंवा फोनवरचं पियानोचं अॅप, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिक वाजवणारं यंत्र किंवा अॅप), आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय, वही, आणि पट्टी व वेग बदलता येईल अशी साथ वाजवणारं एखादं अॅप. कॉर्ड वाजवता आले नाहीत तरी चालेल, पण एकेक सूर कीबोर्डवर शोधता यायला हवा. रोज अर्धा तास पुरे. तो पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन बैठकींत घेतला तर जास्त उपयोगी पडतो, कारण लयीचा सराव थकल्या कानांनी होत नाही.

रागसंगीत शिकलेल्यांना सुरांची समज तयार मिळते, पण दोन सवयी आड येतात. पहिली, दोन सुरांमधलं अंतर दर वेळी मींडेने भरणं. दुसरी, सा पक्का धरून सगळं त्याच्याशी जोखणं. इथे आधार तंबोऱ्यासारखा स्थिर राहत नाही. कॉर्ड बदलला की कालचा विसावा देणारा सूर आज टोचू शकतो. हे आठव्या टप्प्यात नीट पाहू.

टप्पा १: एकच गाणं, पाच वेळा ऐका

शंभर गाण्यांची यादी करून ती पार्श्वभूमीला लावून ठेवल्याने कान तयार होत नाही. एक गाणं घ्या, त्याची तीन वेगवेगळ्या गायकांची रेकॉर्डिंग शोधा आणि आधी एकच रेकॉर्डिंग पाच वेळा ऐका. प्रत्येक वेळी लक्ष एकाच गोष्टीवर.

१. फक्त बास. तो बहुधा प्रत्येक मात्रेला एक सूर वाजवत चाललेला असतो. त्याच्याबरोबर पायाने चाला.
२. फक्त ड्रमची हाय-हॅट. पायाने मिटणाऱ्या त्या दोन झांजा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ‘चिक्’ करतात. तिथे हलकी टाळी द्या.
३. फक्त शब्द. ओळ मात्रेवर सुरू होते की आधी, की नंतर?
४. फक्त आराखडा. चाल पुन्हा पहिल्यासारखी कधी येते आणि वेगळी कधी होते?
५. गायक थांबल्यावर वाजवणारे काय करतात. त्यांचा सोलो त्याच कॉर्डच्या फेऱ्यांवर चालू असतो, म्हणून त्याखाली मूळ चाल मनात गाऊन पाहा.

पाचव्या वेळी मूळ चाल सोलोच्या शेवटपर्यंत जुळली, तर गाण्याचा सांगाडा तुम्हाला ऐकू येऊ लागला आहे.

यानंतर उरलेली दोन रेकॉर्डिंग ऐका. तुलनेसाठी गायक मुद्दाम वेगळ्या वळणाचे निवडा. बिली हॉलिडे (१९१५–१९५९) चालीतले उंच टप्पे आवळून थोड्या सुरांत आणते आणि ओळ मात्रेच्या मागे ठेवते. एला फिट्झजेराल्डची लय इतकी स्वच्छ आहे, की तिच्या गाण्यावरून मात्रा मोजता येतात. नॅट किंग कोलचे शब्दोच्चार ऐकावेत. चेट बेकर जवळजवळ कंप न देता, सरळ आवाजात गातो. तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये जे समान राहतं ते मूळ चालीच्या जवळचं, आणि जे बदलतं ते त्या गायकाचं. वहीत दोन रकाने करून हे लिहून काढा.

टप्पा २: गाण्याची निवड

पहिलं गाणं आवडीचं असावंच, पण त्यात तीन गोष्टी तपासा: चालीचा पल्ला एका सप्तकाहून फार मोठा नको, वेग मध्यम हवा आणि आराखडा सरळ हवा.

- सी जॅम ब्लूज: ड्यूक एलिंग्टनची १२ बारची रचना, मुख्य चालीत सूर फक्त दोन. शब्द नसल्याने डू-बा असं म्हणत गाता येते. लयीच्या सरावाला याहून सोपं काही सापडणार नाही.
- ब्लू मून: ३२ बार, ए-ए-बी-ए. आठ-आठ बारचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळा. या वेगळ्या भागाला ब्रिज म्हणतात.
- ऑल ऑफ मी: ३२ बार, पण ए-बी-ए-सी. पहिले सोळा बार आणि पुढचे सोळा बार सारखेच सुरू होतात आणि शेवटाला वेगळे होतात.
- ऑटम लीव्ह्ज: हेही ३२ बारचं. कॉर्डची चाल नियमित असल्यामुळे उपजेच्या सरावासाठी उत्तम.

अतिसंथ बॅलड सोपी वाटते, पण पहिल्या गाण्यासाठी ती टाळा. ६० च्या वेगात (मिनिटाला ६० मात्रा) ३२ बार म्हणजे १२८ मात्रा, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त वेळ. तेवढा वेळ श्वास, सूर आणि रिकाम्या जागा सांभाळणं नव्या गायकाला जड जातं. १२० च्या वेगात तीच फेरी साधारण ६४ सेकंदांत संपते आणि पाय स्वतःच लय धरून ठेवतो.

टप्पा ३: पट्टी ठरवणं

छापील लीड शीटवरची, म्हणजे चाल आणि कॉर्ड लिहिलेल्या कागदावरची, पट्टी बहुधा वाद्यांच्या सोयीची असते. ती तुमच्या गळ्याला बसेलच असं नाही. स्त्रियांना अनेकदा चार-पाच सूर खाली यावं लागतं. मूळ रेकॉर्डिंगची पट्टी धरून बसणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात आवाज वर ताणला जातो आणि शब्द बोलल्यासारखे न वाटता ओरडल्यासारखे वाटतात.

१. गाण्यातला सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा सूर कीबोर्डवर शोधा.
२. उंच सुरावर येणारा शब्द आधी साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणा, मग तेवढ्याच जोराने गा. जोर वाढवावा लागला तर पट्टी अर्धा स्वर खाली घ्या आणि पुन्हा पाहा.
३. आता खालचा सूर. तो नुसता लागून भागत नाही, त्यावरचा शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट कळला पाहिजे.
४. जमलेली पट्टी, तिच्या अर्धा स्वर वर आणि अर्धा स्वर खाली अशी पहिली आठ बार तीनदा ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्या दिवशी ऐकून ठरवा.

पट्टी बँडला सांगताना काळी दोन, पांढरी चार असं सांगून चालणार नाही. काळी दोनला ई फ्लॅट म्हणा, पांढरी चारला एफ, काळी पाचला बी फ्लॅट. ई आणि ई फ्लॅट दोन्ही गळ्याला सारखेच बसत असतील तर ई फ्लॅट घ्या. सॅक्सोफोन आणि ट्रंपेट वाजवणाऱ्यांना फ्लॅटच्या पट्ट्या हाताला सोप्या जातात.

सावध: गाण्याचा पहिला सूर म्हणजे पट्टी नव्हे. ब्लू मून पंचमावर सुरू होतं. ई फ्लॅट पट्टीत तुमचा पहिला सूर बी फ्लॅट असेल. तुम्ही बँडला ‘बी फ्लॅट’ सांगितलंत, तर सगळं गाणं एकदम पाच सूर वर जाऊन बसेल.

टप्पा ४: मूळ चाल आणि शब्द वेगवेगळे

चाल लीड शीटवरून शिका. नोटेशन वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून ती कीबोर्डवर साधी वाजवून घ्या आणि ध्वनिमुद्रित करा. गायकाच्या रेकॉर्डिंगवरून शिकायची वेळ आलीच, तर पहिल्या टप्प्यात ज्याने सर्वांत कमी बदल केले असं दिसलं त्याचंच घ्या.

आधी चाल फक्त ‘दू’ वर म्हणा. मींड नको, कंप नको, प्रत्येक सूर जागच्या जागी. रागसंगीताची सवय असलेल्यांनी इथे जास्त वेळ द्यावा, कारण अर्ध्या स्वराच्या उड्या मींडेत लपून जातात आणि पुढे कॉर्डशी घासतात.

मग शब्द, चालीशिवाय. कुणाशी तरी बोलतोय असे मोठ्याने वाचा. मराठी बोलताना आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला वजन देतो. इंग्रजीत अर्थाचे शब्द ठासून येतात आणि मधले छोटे शब्द गिळले जातात. वाचताना कोणत्या शब्दांवर भर पडतो त्याखाली वहीत रेघ मारा. गाताना हेच शब्द लांबवा आणि बाकीचे पटकन सोडा. ‘द’, ‘ऑफ’, ‘टू’ अशा शब्दांवर सूर लांबवला की ओळ लगेच परकी वाटू लागते.

तपासणी: साथीशिवाय पूर्ण चाल गा आणि शेवटचा सूर कीबोर्डवर पडताळा. अर्धा स्वर उतरलेला असेल तर कुठे उतरलात ते ध्वनिमुद्रणात शोधा. बहुतेक वेळा ती जागा ब्रिजमध्ये असते. तेवढे आठ बार वेगळे घोटा.

टप्पा ५: दोन आणि चार

चारच्या आवर्तनात आपण समेवर टाळी देतो. जॅझमध्ये शरीराची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी देणारा गायक सूर कितीही चांगला लावो, गाणं पुढे सरकत नाही.

१. मेट्रोनोम ६० वर लावा. प्रत्येक टिक म्हणजे ‘दोन’ आणि ‘चार’. मधल्या शांततेत तोंडाने ‘एक’ आणि ‘तीन’ म्हणा: एक – टिक – तीन – टिक. खरा वेग आता १२० झाला.
२. असे आठ बार मोजा. मध्येच टिक ‘एक’ वर आलेली जाणवली तर थांबा आणि पुन्हा सुरू करा. पहिल्या आठवड्यात हे वारंवार होतं.
३. आता मोजणी बंद करून मूळ चाल ‘दू’ वर गा, टिक तशीच दोन-चारवर.
४. जमलं की मेट्रोनोम ३० वर आणा. टिक फक्त चौथ्या मात्रेवर येईल.

यानंतर अर्ध्या मात्रा. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या हेलकावणाऱ्या लयीत, एका मात्रेचे दोन समान तुकडे पडत नाहीत, पहिला लांब आणि दुसरा आखूड पडतो. मध्यम वेगात मात्रेचे तीन भाग मनात धरा: पहिले दोन भाग ‘डू’, तिसरा भाग ‘बा’. ‘डू-बा डू-बा डू-बा डू-बा’ असं म्हणताना वजन किंचित ‘बा’ कडे द्या. वेग वाढला की हे तुकडे समान होत जातात आणि संथ झाला की फरक वाढतो. प्रत्येक वेगात २:१ असंच धरून ठेवलं तर जलद गाण्यात लय घोड्याच्या दुडक्या चालीसारखी उड्या मारू लागते.

‘डू’ म्हणताना मराठी ‘ड’ सारखी जीभ मागे वळवू नका. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या हिरडीला नुसतं स्पर्श करून सुटलं पाहिजे. वळलेल्या जिभेचा ‘ड’ १६० च्या पुढे जड होतो आणि लय मागे पडते.

तपासणी: टिक दोन-चारवर ठेवून पूर्ण फेरी गा आणि ध्वनिमुद्रण ऐकताना टाळी द्या. शेवटच्या बारमध्येही टाळी टिकवर पडली तर पुढे जा.

टप्पा ६: बार मोजता न मोजता

आराखडा गाण्याबरोबर आपोआप चालत राहिला पाहिजे. त्यासाठी बोटांचा उपयोग करा: दर बारला एक बोट, चार बोटं झाली की चार बार. आठ बारनंतर मनात भागाचं नाव म्हणा: पहिला ए, दुसरा ए, ब्रिज, शेवटचा ए.

साथीच्या ट्रॅकवर चार बार मोठ्याने गा, पुढचे चार बार गप्प राहा, मग बरोबर पुढच्या ओळीला उचला. हे जमलं की आठ बार गा, आठ बार गप्प. शेवटी पूर्ण ३२ बार गप्प राहून दुसऱ्या फेरीला पहिला शब्द अचूक घ्या. पियानो सोलो चालू असताना तुम्हाला नेमकं हेच करायचं असतं.

ब्लूजचे १२ बार तीन ओळींत बसतात. साधं रूप असं:

पहिली ओळ: सा – सा – सा – सा
दुसरी ओळ: म – म – सा – सा
तिसरी ओळ: प – म – सा – सा

प्रत्येक नाव म्हणजे त्या बारच्या कॉर्डचा मूळ सूर. जॅझ वाजवणारे तिसऱ्या ओळीत बहुधा रे – प – सा असं जातात आणि शेवटच्या बारमध्ये परतीची वाट करून देतात. दोन्ही रूपं बासच्या जागी बसून गाऊन ठेवा, म्हणजे समोरचा काय वाजवेल याची धास्ती राहत नाही.

शब्द विसरले तर? आराखडा सोडू नका. १९६० मध्ये बर्लिनच्या कार्यक्रमात एला फिट्झजेराल्ड गाण्याचे शब्द विसरली आणि चाल व लय न सोडता जागच्या जागी नवे शब्द रचत शेवटपर्यंत गेली. त्या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं. शब्द गेले तर ‘दू’ वर चाल गा. गप्प झालात तरी मोजत राहा.

टप्पा ७: ओळ हलवणं

आता कुठे आपली मांडणी सुरू होते. ओळ सैल सोडली की जॅझ होतं असा समज असल्याने बरेच जण सगळ्याच ओळी मागे ओढतात. मग बँड पुढे आणि गायक मागे अशी ओढाताण होते. बँड तुमच्यासाठी थांबणार नाही. बँडची लय सरळ आणि तुमची ओळ तिच्यावर तिरकी, यातूनच गंमत तयार होते.

सरावाला एक साधं मराठी वाक्य घ्या: ‘आज खूप उशीर झाला.’ चार मात्रांचे बार, मेट्रोनोम दोन-चारवर.

- सरळ: ‘आज’ पहिल्या मात्रेला, ‘खूप’ दुसऱ्या, ‘उशीर’ तिसऱ्या मात्रेपासून चौथीपर्यंत, ‘झाला’ पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला.
- उशिरा निघून वेळेवर पोहोचणं: पहिली मात्रा रिकामी, ‘आज खूप’ दुसऱ्या मात्रेत एकत्र, ‘उशीर’ तिसरी-चौथी, ‘झाला’ आहे तिथेच.
- वेळेवर निघून उशिरा पोहोचणं: सुरुवात सरळ, पण ‘उशीर’ लांबवा आणि ‘झाला’ पुढच्या बारच्या दुसऱ्या मात्रेनंतर हलकेच ठेवा.
- आधी निघणं: ‘आज’ आधीच्या बारच्या चौथ्या मात्रेलाच घ्या आणि ‘खूप’ लांबवा.

हे चारही प्रकार आलटूनपालटून जमले की गाण्याच्या पहिल्या ओळीवर लावा. एका फेरीत दोन किंवा तीन ओळीच हलवा, बाकी सरळ ठेवा. सरळ ओळ आधी ऐकलेली नसेल, तर हललेली ओळ ऐकणाऱ्याला जाणवतच नाही.

उशिरा पोहोचताना कॉर्ड बदलून गेलेला नाही ना, याकडे लक्ष द्या. आधीच्या कॉर्डचा सूर नव्या कॉर्डवर लांबला की तो बेसूर ऐकू येतो आणि गायकाला मात्र वाटतं आपला सूर बरोबर होता. अशी जागा सापडली तर शेवटचा शब्द आखूड करा.

लांब सुरावर सुरुवातीपासून कंप देऊ नका. सूर सरळ लावा आणि सुटण्याआधी थोडा कंप द्या. आणि व्यंजन मात्रेच्या किंचित आधी, स्वर मात्रेवर: शब्द स्पष्ट राहूनही लय मागे न पडण्यामागे एवढंच तंत्र आहे.

टप्पा ८: उपज आणि स्कॅट

स्कॅट म्हणजे अर्थहीन अक्षरांवर केलेली उपज. अक्षरं पाठ करून सुरुवात केली तर तीच तीच चार अक्षरं फिरत राहतात आणि सूर कुठेही पडतात. सुरुवात कॉर्डपासून करा.

पहिली पायरी: मूळ सूर. साथ लावून प्रत्येक बारला त्या कॉर्डचा मूळ सूर लांब गा. कंटाळवाणं वाटलं तरी पूर्ण फेरी करा.

दुसरी पायरी: कॉर्डचे ओळखीचे सूर. जॅझमध्ये तीन कॉर्डची एक साखळी सारखी भेटते. सी पट्टीत ती डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. सा म्हणजे सी धरला तर:

पहिला कॉर्ड: रे म ध सा
दुसरा कॉर्ड: प नी रे म
तिसरा कॉर्ड: सा ग प नी

प्रत्येक कॉर्डचा स्वभाव त्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या सुरात असतो. पहिल्या कॉर्डमधला सा अर्धा स्वर उतरून दुसऱ्या कॉर्डचा नी होतो आणि तिसऱ्यात तिथेच राहतो: सा – नी – नी. दुसरा धागा म – म – ग. हे दोन धागे वेगवेगळे, प्रत्येक बारला एक सूर असे गा. पहिल्या कॉर्डवर घरी असलेला सा दुसऱ्या कॉर्डवर लांबवून पाहा: नी शेजारी वाजत असल्याने तो लगेच घासतो. आधार बदलतो तो असा. हे कानाला एकदा कळलं की उपज आपोआप कॉर्डबरोबर वळू लागते.

तिसरी पायरी: एकच सूर, फक्त लय. ब्लूजच्या १२ बारांवर केवळ सा वर बोला. दोन बार वाक्य, दोन बार शांतता. कंटाळा येईल तेव्हा सूर वाढवू नका, लय बदला.

चौथी पायरी: तीन सूर. सा, कोमल ग, प. त्यानंतर ब्लूजचे सगळे सूर: सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. तीव्र मवर थांबू नका, तो म आणि पच्या मधला जाता-येताचा सूर आहे.

पाचवी पायरी: मूळ चालीतून निघणं. चालीची पहिली ओळ स्कॅटवर गा, दुसरी ओळ तीच ठेवून शेवट बदला, तिसऱ्या ओळीत सुरुवात बदला. ऐकणाऱ्याला गाणं ओळखू येत राहिलं पाहिजे.

यासोबत एखाद्या वादकाच्या सोलोतले आठ बार कानाने उतरवून हुबेहूब गायला शिका. चेट बेकरचे ट्रंपेटवरचे आणि गायलेले सोलो त्यासाठी सोयीचे आहेत: वाक्यं आखूड, सूर मोजके, श्वासाच्या जागा स्वच्छ. वेग कमी करून ऐका, दोन-दोन बार घ्या आणि पट्टी बदलूनही गाऊन पाहा.

अक्षरांसाठी एवढं लक्षात ठेवा: लांब सूर ‘डू’ किंवा ‘या’, मात्रेमधला सूर ‘बा’, तोडायचा सूर ‘डाट’ किंवा ‘बॉप’. ‘शूबी-डूबी’ दर बारला आलं तर ध्वनिमुद्रण ऐकून मुद्दाम काढून टाका.

सावध: श्वास संपेपर्यंत गाऊ नका. वाक्य संपवा, दोन मात्रा थांबा. ट्रंपेटवाल्यालाही श्वास घ्यावा लागतो आणि त्याच्या वाक्यांना आकार तिथूनच येतो.

टप्पा ९: कागद आणि बँड

बँडला द्यायच्या कागदावर ठरलेल्या पट्टीतले कॉर्ड हवेत. प्रत्येक कॉर्ड सारख्याच अर्ध्या स्वरांनी सरकवायचा. पाच अर्धे स्वर खाली आलात तर डी मायनर सेव्हनचा ए मायनर सेव्हन होतो, जी सेव्हनचा डी सेव्हन, सीचा जी. मेजर-मायनर-सेव्हन हे शेपूट कधी बदलत नाही, फक्त अक्षर बदलतं. एका ओळीत चार बार लिहा, भागांना ए, बी अशी नावं द्या आणि पियानो, बास, गिटार यांच्यासाठी एकेक प्रत काढा.

वाजवायला लागण्याआधी हे एका दमात सांगता आलं पाहिजे: ‘ऑल ऑफ मी, जी मध्ये, मध्यम स्विंग, शेवटच्या आठ बारचा इंट्रो, एक फेरी मी, एक फेरी पियानो, मग मी, शेवटी टॅग.’ टॅग म्हणजे शेवटची ओळ तीनदा घेऊन संपवणं. तिहाईची सवय असलेल्यांना ते लगेच कळतं. फक्त इथे शेवट समेवरच आदळावा असा नियम नाही.

वेग देण्यासाठी:

१. तोंड बंद ठेवून गाण्याची सर्वांत घाईची ओळ मनात गा. ती जिथे नीट बसते तोच वेग.
२. दोन-चारवर चुटक्या वाजवा, किमान दोन बार.
३. मोजा. पहिल्या बारमध्ये पहिल्या मात्रेला ‘वन’ आणि तिसऱ्या मात्रेला ‘टू’, दुसऱ्या बारमध्ये चारही मात्रा ‘वन, टू, थ्री, फोर’.

पहिली ओळ मनात न गाता थेट मोजायला लागलात, तर भीतीने वेग हमखास वाढतो आणि तो परत घेता येत नाही.

सोलो चालू असताना बाजूला सरका, वाजवणाऱ्याकडे पाहा आणि मोजत राहा. परत यायचं असेल तेव्हा शेवटच्या आठ बारांत स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवा. मुख्य चालीवर येतोय, असा त्याचा सर्वत्र समजला जाणारा अर्थ आहे. संथ गाण्यात वादकाने पहिले सोळा बार वाजवले की गायक ब्रिजपासून परत येतो. हे आधी ठरवून घ्या.

टप्पा १०: माइक

माइक तोंडापासून चार-पाच बोटं दूर धरा, किंचित खालच्या बाजूने, म्हणजे ‘प’, ‘फ’ चा फटका बसत नाही. अगदी ओठांना लावला तर आवाजातला खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. उंच सुरावर थोडा दूर न्या. माइकची जाळी मुठीत झाकू नका, त्याने शिट्टी वाजते. मॉनिटरमध्ये (गायकाकडे वळवलेल्या स्पीकरमध्ये) आधी बास आणि पियानो मागा, स्वतःचा आवाज नंतर. स्वतःचाच आवाज मोठा ऐकू आला की गायक हळूहळू उतरत जातो, कारण ज्याच्याशी सूर जुळवायचा तो पियानो कानावर पडत नाही.

कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त दोन-चारवर टाळी देत, दुसऱ्यांदा फक्त ओळींचे शेवट कॉर्डशी जुळवत, तिसऱ्यांदा शब्द. तिन्हींत सर्वांत जास्त चुका जिथे सापडतील, तो टप्पा उघडा आणि पुढचं गाणं घेण्याआधी तेवढाच पुन्हा करा.